वातड लागला म्हणजे अजून झाला नाही: स्लो कुकरमधला पहिला बीफ रोस्ट

आमच्या वसईच्या घरी रोस्ट व्हायचा तो नाताळला, ईस्टरला, नाहीतर पाहुणे आले की. मांसाच्या सबंध गोळ्याला टोचे मारून आलं-लसूण, मिरी, दालचिनी आणि व्हिनेगर चोळायचं, रात्रभर मुरवायचं, आणि दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या टोपात मंद आचेवर चढवायचं. टोपावर ताटली, ताटलीत पाणी. आतलं आटत आलं की ताटलीतलं गरम पाणी आत जाई. आई त्या टोपापाशी अर्धा दिवस अडकलेली असे. शिकागोजवळ राहायला आल्यावर शेजारणीने मला तिचा जुना स्लो कुकर दिला आणि म्हणाली, सकाळी सगळं आत टाक, संध्याकाळी जेव. मला वाटलं, चला, सुटले.

पहिला रोस्ट चपलेच्या तळासारखा झाला. आपल्या सवयीने मी मांस बुडेपर्यंत पाणी ओतलं होतं. सहा तासांनी सुरी लावली तर मांस वातड. मला वाटलं जास्तच शिजला, म्हणून घाईघाईने बटण बंद केलं. नेमकं उलटं करायला हवं होतं. आणखी अडीच-तीन तास तसाच ठेवला असता तर काट्याने सुटला असता. तेव्हा आधीच सांगते: मांस शिजणं आणि मांस मऊ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर असतं. शिट्ट्या मोजणाऱ्या आपल्या डोक्याला हे पटायला वेळ लागतो.

भांड्याची ओळख

स्लो कुकर म्हणजे चिनी मातीचं जाड भांडं आणि त्याच्याभोवती विजेवर तापणारं आवरण. अमेरिकेत लोक सरसकट 'क्रॉकपॉट' म्हणतात, पण ते एका कंपनीने दिलेलं नाव आहे. मूळ यंत्र शिकागोच्याच आयर्विंग नॅक्सन या इंजिनियरचं. त्याला १९४० साली पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियातल्या आठवणी सांगायची. ज्यू घरांत शुक्रवारी सूर्यास्तानंतर चूल पेटवायची नाही, म्हणून मांस आणि घेवड्याची भांडी त्याआधीच बेकरीच्या भट्टीत ठेवायची. भट्टी विझत जाई आणि तिच्या उरलेल्या धगीवर ते 'चोलेंट' रात्रभर शिजत राही. नॅक्सनने ती भट्टी टेबलावर आणली. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी 'क्रॉकपॉट' बाजारात आला. मोहम्मद अली रोडवर रात्रभर शिजलेली निहारी खाल्ली असेल, तर युक्ती तुमच्या ओळखीचीच आहे.

मजा म्हणजे नॅक्सनचं यंत्र 'बीनरी' नावाने कडधान्यांसाठीच विकलं जायचं, पण आपला राजमा मात्र त्यात थेट घालू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं आणि 'लो'च्या मंद आचेवर ते पुरतं मरत नाही. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळायचा आणि मगच आत. रोस्टच्या लेखात राजमा कुठून आला म्हणाल, पण हे भांडं घरात आलं की दुसऱ्या आठवड्यात राजमा करायची हुक्की येतेच.

बटणं तीन असतात: लो, हाय, वॉर्म. 'लो' म्हणजे कमी तापमान असं सगळ्यांना वाटतं. खरं तर बहुतेक कुकरमध्ये दोन्ही बटणांवर आतला रस शेवटी उकळीच्या जरा खालीच पोचतो. 'लो'वर तो तिथे पोचायला जास्त वेळ घेतो, एवढंच. रोस्टला हीच सावकाशी मानवते. 'वॉर्म' फक्त शिजलेलं गरम ठेवायला, शिजवायला नाही. चार ते सहा माणसांसाठी ६ क्वार्टचा, म्हणजे साधारण साडेपाच लिटरचा कुकर घ्या. भांडं निम्म्यापेक्षा जास्त आणि तीन-चतुर्थांशापेक्षा कमी भरलेलं असावं. फार रिकामं असलं तर कडेने करपतं, गच्च भरलं तर तापायलाच उशीर होतो. आणि इथला कुकर भारतात न्यायचा विचार असेल तर तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. थेट लावलात तर जळेल.

मांस कुठलं आणायचं

इथे पैसे जास्त मोजून फसायला होतं. टेंडरलॉइन, सरलॉइन हे महागडे भाग दहा तास शिजवले तर त्यांचा चोथा होतो. आपल्याला हवा तो स्वस्तातला 'चक रोस्ट', म्हणजे खांदा. जनावर दिवसभर ज्या स्नायूंवर राबतं, त्यांत कोलॅजेन जास्त असतं. हे कोलॅजेन कच्चं असताना दोरीसारखं चिवट असतं, पण पुरेसा वेळ ऊब मिळाली की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात ना, ते जिलेटिन. रोस्टचा लुसलुशीतपणा त्यातूनच येतो.

ट्रेमधला तुकडा नीट बघा. लाल मांसात पांढऱ्या चरबीच्या बारीक रेघा सगळीकडे पसरलेल्या हव्यात. कडेला चरबीचा जाड पट्टा आणि मधे नुसतं लाल, असा तुकडा नको. 'चॉइस' (इथल्या सरकारी प्रतवारीत 'प्राइम'च्या खालोखालचा) दर्जाचा मिळाला तर उत्तम. 'बॉटम राउंड' किंवा 'रंप' हे मागच्या मांडीकडचे भाग चालतात, पण त्यांत चरबी कमी असते. त्यांच्या चकत्या छान पडतात, धागे सुटत नाहीत. 'स्ट्यू मीट' म्हणून मिळणारे तुकडे या पाककृतीसाठी घेऊ नका, ते बऱ्याचदा वेगवेगळ्या भागांचे असतात आणि एकसारखे शिजत नाहीत.

३ पाउंडांचा, म्हणजे सुमारे १ किलो ३६० ग्रॅमचा तुकडा सहा माणसांना पुरतो. शिजून तो बराच आक्रसतो, त्यामुळे घाबरून कमी घेऊ नका. गोठवलेला असेल तर आदल्या दिवशीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवा. पुरता सुटायला अख्खा एक दिवस लागतो. गोठलेला तुकडा स्लो कुकरमध्ये कधीच घालायचा नाही. ४ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि बर्फाचा गोळा त्या टप्प्यात कितीतरी तास रेंगाळतो.

आणखी एक. मटण आणलं की नळाखाली धुवायचं, हे आपल्या हातात बसलेलं असतं. इथे धुऊ नका. पाण्याचे शिंतोडे सिंकभर जंतू पसरवतात आणि मांसही ओलं राहतं. ट्रेच्या तळाशी मांसातून सुटलेलं लालसर पाणी शोषायची गादी असते. ती तुकड्याला चिकटून आलेली नाही ना बघा, आणि पेपर टॉवेलने मांस कोरडं टिपून घ्या.

बाकीचं सामान

मोठे कांदे २, जाड चिरलेले. लसूण ७-८ पाकळ्या. गाजरं ४, बोटभर लांबीचे तुकडे. बटाटे दीड पाउंड, शक्यतो पिवळ्या गराचे, कारण पिठूळ बटाटे दहा तासांत विरघळतात. सेलरीचे २ दांडे, नसले तरी अडत नाही. टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे, वूस्टरशर सॉस १ मोठा चमचा, तमालपत्रं २, सुकं थाइम (एक सुगंधी पाला) १ लहान चमचा. मीठ अडीच लहान चमचे, जाडसर कुटलेली मिरी १ चमचा, तेल २ मोठे चमचे. बीफ स्टॉक, म्हणजे हाडं-मांस उकळून गाळलेलं पाणी, १ कप, बिनमिठाचा. स्टॉक खारट असेल तर मीठ निम्म्यावर आणा, कारण या भांड्यात काही उडून जात नाही. शेवटी ग्रेव्हीसाठी ३ मोठे चमचे बटर आणि तेवढाच मैदा.

हो, स्टॉक एकच कप. मला माहीत आहे, हात थरथरतो. पण झाकणाला लागलेली वाफ पुन्हा आतच पडते आणि मांस स्वतःचा रस भरपूर सोडतं. संध्याकाळी उघडाल तेव्हा कपाचे दोन-अडीच कप झालेले असतील. मांस बुडवलंत तर सगळी चव पाण्यात जाईल आणि हाती उकडलेला गोळा राहील.

आदल्या रात्री

मांसाला सगळ्या बाजूंनी मीठ-मिरी चोळा आणि ताटात उघडंच फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभरात मीठ आत मुरतं आणि वरचा भाग कोरडा होतो. भाज्या चिरून वेगळ्या डब्यात ठेवा, बटाटे पाण्यात. सगळं चिनी मातीच्या भांड्यातच भरून ते फ्रीजमध्ये सारायचा मोह होतो, तो टाळा. गारठलेलं जड भांडं सकाळी तापायला फार वेळ घेतं.

सकाळची पंचवीस मिनिटं

बिडाचा तवा नाहीतर जाड कढई कडक तापवा. एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा. अपार्टमेंटमधला धुराचा भोंगा सकाळी साडेसहाला वाजला की शेजारी काय नजरेने बघतात ते मी अनुभवलंय. तेल घालून मांस ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. चार-पाच मिनिटांत खालची बाजू गडद तपकिरी होते आणि तुकडा आपणहून तव्यापासून सुटतो. ओढावा लागत असेल तर अजून व्हायचा आहे. उलटा, दुसरी बाजू, मग कडा.

असं केल्याने रस आत कोंडला जातो असं पुष्कळ जण सांगतात. तसं काही होत नाही. परतणं असतं ते चवीसाठी. तो खमंगपणा यायला पाण्याच्या उकळीपेक्षा बरंच जास्त तापमान लागतं आणि स्लो कुकरमध्ये ते कधीच येणार नाही. जे काय तपकिरी करायचं ते आत्ताच. घाईच्या दिवशी मी ही पायरी गाळलीही आहे. रोस्ट मऊ झाला, पण रंग उकडल्यासारखा करडा आणि ग्रेव्ही मिळमिळीत.

मांस काढून त्याच तव्यात कांदा परता. कडा लालसर झाल्या की लसूण आणि टोमॅटो पेस्ट घाला. पेस्टचा लाल रंग विटकरी होईपर्यंत, म्हणजे दीडेक मिनिट हलवा. मग स्टॉक ओता आणि तव्याला चिकटलेलं सगळं लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. संध्याकाळच्या ग्रेव्हीची निम्मी चव त्या खरवडीत आहे.

आता कुकर भरायचा. खाली बटाटे आणि गाजर. उलट वाटेल, पण स्लो कुकरमध्ये कंदभाज्या मांसापेक्षा हळू शिजतात, म्हणून त्या तळाला आणि कडेला, उष्णतेच्या जवळ. वर मांस, चरबीची बाजू वर करून. तव्यातला कांदा-रस सगळा त्यावर ओता. वूस्टरशर, तमालपत्र, थाइम. झाकण. 'लो'वर ९ तास.

मधल्या वेळात

काही करायचं नाही, आणि हेच सगळ्यात कठीण. एकदा झाकण उघडलं की गेलेली ऊब भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. बघायचंच असेल तर काचेचं झाकण जागच्या जागी जरा हलवा, थेंब ओघळतात आणि आतलं दिसतं.

आत काय चाललंय ते कळलं तर घाबरायला होत नाही. साधारण ६३ अंशांना, म्हणजे १४५ फॅरनहाइटला, बीफचा सबंध तुकडा खायला सुरक्षित होतो, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. पण त्या सुमारास मांसाचे धागे आक्रसत असतात, पाणी पिळून बाहेर टाकत असतात आणि कोलॅजेन अजून जेमतेम सुटायला लागलेलं असतं. म्हणजे मधले काही तास रोस्ट मऊ होण्याऐवजी आणखी वातड होत जातो. मी बटण बंद केलं होतं ते नेमकं याच टप्प्यावर. पुढे कोलॅजेन विरघळत जातं, आणि आतलं तापमान ९० ते ९६ अंशांवर, म्हणजे १९५ ते २०५ फॅरनहाइटवर आलं की धागे एकमेकांपासून सुटतात.

आठ तासांनंतर पहिल्यांदा तपासा. मधोमध काटा खुपसून फिरवायचा. काटा सहज फिरला आणि मांस उकललं तर झालं. अडकला, तर झाकण लावा आणि तासभर विसरा. घड्याळापेक्षा काट्यावर विश्वास ठेवा, कारण प्रत्येक कुकरची आच वेगळी आणि तुकड्याची जाडीही वेगळी. वेळ कमी असेल तर 'हाय'वर पाच-सहा तासांत होतो, पण 'लो'वर केलेला मला जास्त आवडतो. उलट टोकाला बारा-तेरा तास ठेवलात तर त्याचा कोरडा भुगा होईल. ऑफिस लांब असेल तर वेळ संपली की आपोआप 'वॉर्म'वर जाणारा कुकर घ्यावा.

तुम्ही घरी नसताना वीज गेली आणि ती किती वेळ नव्हती ते कळायला मार्ग नसेल, तर सरळ फेकून द्या. जिवावर येतं, पण द्या.

ग्रेव्ही

आपण ग्रेव्ही म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कांदा-टोमॅटो-खोबऱ्याचं वाटण येतं. इथल्या ग्रेव्हीत वाटण नसतं. मांसातून सुटलेला रस घट्ट केला की झाली ग्रेव्ही.

मांस आणि भाज्या अलगद काढून ताटात ठेवा, वर फॉइल टाका. पंधरा मिनिटं मांसाला निवांत राहू दे. भांड्यातला रस गाळून उभट भांड्यात ओता. दहा मिनिटांत चरबी वर तरंगते, ती पळीने काढा. कंटाळा करू नका. ही चरबी राहिली तर ग्रेव्ही तेलकट लागते आणि गार झाली की टाळूला थापते.

कढईत बटर वितळवून मैदा घाला आणि मंद आचेवर भाजा. लाडवाच्या बेसनाला कसा हळूहळू वास सुटतो, तसा इथेही सुटतो. रंग बदामी झाला की गरम रस पळीपळीने घालत फेटणीने फेटत राहा. पहिल्या पळीला गोळा होईल, दुसऱ्या-तिसऱ्या पळीला सैल. दोन कप रस गेला की उकळी आणा आणि तीन-चार मिनिटं शिजू द्या, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. चमच्याच्या पाठीवर ग्रेव्ही चढली आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, की बास. गुठळ्या झाल्या तर गाळून घ्या, कुणाला कळत नाही.

मैदा नको असेल तर कपभर रसाला १ मोठा चमचा कॉर्नस्टार्च, तेवढ्याच थंड पाण्यात कालवून. इथे एक खड्डा आहे. भारतात आपण ज्याला कॉर्नफ्लोर म्हणतो ते इथलं कॉर्नस्टार्च. अमेरिकन दुकानात 'कॉर्न फ्लोअर' मागितलंत तर मक्याचं पिवळं पीठ हातात येईल आणि ग्रेव्हीची खीर होईल.

मीठ आता चाखा, आणि शेवटी अर्धा चमचा व्हिनेगर घाला. हे वसईचं, पाककृतीच्या पाकिटावर सापडणार नाही. दहा तास शिजलेल्या जड चवीला त्याने जाग येते.

कापताना मांसाचे धागे कुठल्या दिशेने गेलेत ते बघा आणि त्यांना आडवी सुरी चालवा. धाग्यांच्या दिशेने कापलंत तर मऊ मांससुद्धा दातात अडकतं. चक पुरता शिजला असेल तर सुरी लागणारच नाही, दोन काट्यांनी उकला.

आपला मसाला घालायचा असेल तर

दोन चमचे बाटली मसाला, म्हणजे आमच्याकडचा बाटलीत भरून ठेवायचा मिश्र मसाला, मिठाबरोबर चोळला की झकास होतो. मग थाइम आणि वूस्टरशर गाळा, स्टॉकमध्ये दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. खडा मसाला मात्र हात राखून. लवंग आणि दालचिनी नऊ तास शिजत राहिली की तिचा अर्क उतरतो. नेहमीच्या निम्मी पुरते. गरम मसाला पूड सकाळी घालून फुकट जाते, ती ग्रेव्हीत शेवटी.

वसईत, मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा तिथे बाजारात मिळतं ते म्हशी-रेड्याचं. त्यात चरबी कमी असते, म्हणून बटर किंवा तेल थोडं वाढवा आणि तासभर जास्त धरा. बीफ न खाणाऱ्यांनी हीच कृती बकऱ्याच्या किंवा मेंढ्याच्या खांद्यावर करावी. हाडासकट घ्या आणि 'लो'वर सात तासांनंतर काटा लावून बघायला लागा.

उरलं तर

उरेलच. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकतं. सबंध भांडंच फ्रीजमध्ये ढकलू नका, मधला भाग गार व्हायला फार वेळ लागतो. परत गरम करताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये करा, स्लो कुकरमध्ये नाही. गार रोस्टच्या पातळ चकत्या सुरेख पडतात. कांदा, हिरवी मिरची आणि व्हिनेगरवर त्या चकत्या परतल्या आणि पावात भरल्या, की आमच्याकडे रविवारच्या रोस्टपेक्षा सोमवारचा डबा आधी संपतो.

आणि भांडं घासायची घाई करू नका. गरम चिनी मातीवर गार पाणी पडलं की टक्कन तडा जातो. माझ्या शेजारणीचा तो जुना कुकर असाच गेला. आधी निवू दे, मग कोमट पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी स्पंजने निघतं.